तुम्ही विचारलंत म्हणून: ठासणीचं रिव्हॉल्व्हर मारायला कुठून सुरुवात करू?

वरळीच्या नेमबाजीच्या रेंजवर, आमच्या मुलुंडच्या सोसायटीत, परवा तर दादरला एका लग्नात जेवणाच्या रांगेत उभी असताना, सगळीकडे मला एकच प्रश्न येतो, "तुम्ही अमेरिकेत असताना ते जुन्या पद्धतीचं, दारू ठासून भरायचं रिव्हॉल्व्हर मारायचात ना? मलाही शिकायचंय, सुरुवात कशी करू?" दर वेळी घाईत काहीतरी अर्धं सांगते आणि घरी आल्यावर वाटतं की महत्त्वाचं राहूनच गेलं. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधी ते असतं काय ते. सिनेमात दिसतं ते रिव्हॉल्व्हर काडतुसाचं, ह्यात काडतूस नसतंच. सिलिंडरला, म्हणजे मधल्या फिरत्या नळकांड्याला, सहा घरं, प्रत्येक घरात पुढच्या बाजूने मोजून काळी दारू, म्हणजे बंदुकीची दारू, ओतायची, वर शिशाची गोळी दाबून बसवायची, आणि मागे प्रत्येक घराला एक पोकळ खुंटी असते, तिला निपल म्हणतात, तिच्यावर तांब्याची टोपी चढवायची, साधारण मुगाच्या दाण्याएवढी. दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल आठवा, घोडा टिकलीवर पडतो आणि फट्ट होतं, तसंच इथे, फक्त ती ठिणगी निपलमधून आत दारूपर्यंत जाते. सॅम्युअल कोल्टने 1836 साली अमेरिकेत पेटंट घेतलं ते ह्याच जातीच्या रिव्हॉल्व्हरचं. आणि आपल्याला हे काही परकं नाही बरं का, शाळेत 1857 च्या धड्यात चरबी लावलेलं काडतूस दाताने तोडायचं असायचं हे आपण सगळ्यांनी पाठ केलंय, त्या कागदी पुडीत काळी दारू आणि शिशाची गोळीच होती, एका हातात बंदूक म्हणून पुडी दाताने फाडायची आणि दारू नळीत ओतायची. हे मला खऱ्या अर्थाने समजलं ते स्वतः बार भरायला लागल्यावर.

आता जे ऐकून लोकांचा चेहरा पडतो ते सांगते. मुंबईत तुम्हाला असं रिव्हॉल्व्हर दुकानातून आणून मारता येणार नाही. अमेरिकेत 1968 च्या कायद्याने 1898 पर्यंतची हत्यारं आणि काडतूस न लागणाऱ्या त्यांच्या नकला 'अँटिक' धरतात, त्यामुळे तिथल्या बऱ्याच राज्यांत अशी नक्कल पार्सलने घरी येते, आणि ते व्हिडिओ बघून इथल्या लोकांना वाटतं आपल्याकडेही तसंच असेल. नाहीये. आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा आहे आणि चालू स्थितीतल्या ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, कोकणात शेतसंरक्षणासाठी ज्या बंदुका घरोघरी आहेत त्यासुद्धा परवान्यावरच, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायच्या. सुटतं ते फक्त दुरुस्त करूनही चालणार नाही असं जुनं हत्यार, म्हणजे भिंतीवर लावायचं. तेव्हा "अँटिक आहे, लायसन्स लागत नाही" असं सांगून कुणी चालू माल विकत असेल तर त्याला फोनही करू नका.

दारूचंही तसंच, ती स्फोटकांच्या कायद्यात येते, घरी बनवायची नाही आणि परवान्याशिवाय साठवायची नाही. एका मुलाने मला विचारलं होतं की सुतळी बॉम्ब फोडून त्यातली दारू वापरली तर? अजिबात नाही! फटाक्यातल्या मिश्रणात ॲल्युमिनियमची पूड असते, ते काळ्या दारूपेक्षा फार झपाट्याने भडकतं, सिलिंडर हातात फुटेल. आधुनिक काडतुसातली बिनधुराची पावडरही चालत नाही, तिचा दाब ही जुनी घडण सोसूच शकत नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी माझं लिहिणं कामी आलं.

मग मुंबईत बसून करायचं काय, तर एअर पिस्तूल. खरंच सांगते, ही तडजोड नाही, हाच सरळ रस्ता आहे. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, तिथे किंवा तुमच्या जवळच्या क्लबात 10 मीटर एअर पिस्तूल शिका. एका हाताने उभं राहून 4.5 मिलिमीटरचा छर्रा, मॅचमध्ये 75 मिनिटांत 60 शॉट. आणि आता गंमत बघा, ठासणीच्या हत्यारांच्या जागतिक स्पर्धा होतात, त्यात रिव्हॉल्व्हरचा जो मॅरिएट नावाचा इव्हेंट आहे तो 25 मीटरवर, तोही उभं राहून एकाच हाताने, 30 मिनिटांत 13 बार आणि त्यातले चांगले 10 मोजतात. म्हणजे तुमचा हात, खांदा, श्वास, माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर, नजर ठेवून चाप हळू दाबायची सवय, हे सगळं वरळीत तयार होतं. उलट ठासणीच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा जड, तो पडून टोपी पेटून दारू पेटेपर्यंत हात हलला तर गोळी गेलीच बाजूला, त्यामुळे बार झाल्यावरही माशीवरून नजर न काढायची सवय इथे दुप्पट कामाला येते. वर्षभर एअर पिस्तूल मारलेल्या माणसाला ठासणीचं शिकवणं सोपं जातं, फक्त व्हिडिओ बघून आलेल्याला कठीण.

पुढचा टप्पा म्हणजे ज्यांचं कुणी तिकडे आहे किंवा कामानिमित्त जाणं होतं त्यांनी तिथल्या क्लबात जाऊन शिकायचं. आजकाल मुंबईत कुणाची बहीण न्यू जर्सीला नाही असं घर शोधावं लागतं. मी चार वर्षं सिनसिनाटीला होते, तिथून गाडीने तासा-सव्वातासावर इंडियानात फ्रेंडशिप नावाचं छोटंसं गाव आहे, तिथे 1933 साली स्थापन झालेली ठासणीच्या बंदुकांची राष्ट्रीय संघटना आहे, तिच्या मोठ्या मॅचेस तिथे भरतात. मी नुसती बघायला गेले होते. पांढरा धुराचा लोट, गंधकाचा वास, आणि एक सत्तरीच्या पुढचे गृहस्थ टेबलाशी शांतपणे सिलिंडर भरत होते, त्यांच्या हातांकडे मी बघतच राहिले. कारण तसे हात मी आधी पाहिले होते, कुडाळजवळ मामाकडे. मे महिन्यात गेलं की मामा रात्री रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक भरायचा आणि मी बाजूला बसून बडबड करायचे, तेव्हा तो एकच वाक्य म्हणायचा, "बार भरतंय गो, गप रव."

त्याच गृहस्थांनी मला नंतर शिकवलं आणि माझी पहिली मोठी चूकही त्यांच्यासमोरच झाली. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मी बार भरता भरता बाजूच्या बाईंशी गप्पा मारत होते, एका घरात दारू ओतायचीच राहिली आणि वर गोळी बसवली. घोडा पडला, नुसता फट्ट आवाज, टोपीच्या जोराने गोळी जेमतेम अर्धी नळीत शिरली आणि सिलिंडर अडकून बसला, बाकीच्या घरांत बार भरलेलेच. त्यांनी माझा हात धरून नळी समोर टार्गेटकडेच राहू दिली, पूर्ण मिनिटभर, कारण कधीकधी दारू उशिराही पेटते, मग उरलेल्या टोप्या एकेक करून काढल्या आणि मगच पुढचं काम. रागावले नाहीत. भरताना बोलायचं नाही, एवढंच म्हणाले. मामाचं वाक्य, जसंच्या तसं, इंग्लिशमध्ये.

म्हणून मला विचाराल तर सुरुवात म्हणजे नेम नाही, सुरुवात म्हणजे भरणं. आधी रिकाम्या घरांवर एकेक टोपी फोडायची, निपलमधलं तेल जळून वाट मोकळी होते. दारू फ्लास्कमधून, म्हणजे दारूच्या डबीतून, सरळ घरात कधीच ओतायची नाही, आधी मापात आणि मापातून घरात, कारण आत एखादी ठिणगी राहिली असेल तर हातातला अख्खा फ्लास्क पेटेल. .44 च्या रिव्हॉल्व्हरला 20 ते 25 ग्रेन खूप झालं, म्हणजे साधारण दीड ग्रॅम. गोळी घरापेक्षा किंचित मोठी असते, दांड्याने दाबली की शिशाची बारीक कडी तासून बाहेर येते, ती आली म्हणजे घर नीट बंद झालं. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे, मध्ये पोकळी नको. वर ग्रीस, किंवा गोळीखाली तेलात भिजवलेली लोकरी चकती, म्हणजे एका घराचा जाळ शेजारच्या घरात जाऊन सगळे बार एकदम उडायचा धोका कमी होतो. टोप्या सगळ्यात शेवटी, नळी टार्गेटकडे ठेवून, आणि त्या घट्ट बसल्यात ना हे बघायचं, कारण सैल टोपीतूनही तो जाळ मागून जाऊ शकतो. शिकेपर्यंत पाचच घरं भरा, घोडा रिकाम्या घरावर. चष्मा आणि कानाचे मफ न लावता तर रेंजवर पाऊलच टाकायचं नाही.

कोणतं रिव्हॉल्व्हर, हेही विचारतात. इटलीत उबेर्ती आणि पिएत्ता ह्या कंपन्या नकला बनवतात, क्लबात बहुतेक त्याच हातात येतील. दिसायला कोल्ट 1851 नेव्ही सुंदर, मला आजही ती आवडते, पण तिचा मागचा साइट, म्हणजे नेम धरायची खाच, घोड्यावरच कोरलेला आणि वरून फ्रेम उघडी. नवशिक्याने 1858 चं रेमिंग्टन मागावं, वर पट्टी असलेली बंद फ्रेम, साइट स्थिर, सिलिंडर पटकन निघतो. पितळी फ्रेमवालं घेऊ नका, दिसतं झकास पण जास्त दारूने ती फ्रेम ताणली जाते.

आणि धुणं. बरेच जण इथेच सोडून देतात, कारण पंधरा-वीस बार झाले की काळी राख सगळीकडे बसते, सिलिंडर फिरायला कुरकुरतो, आणि ही राख हवेतलं पाणी ओढून घेते, गंज एका रात्रीत. मामा तर पावसाळ्यात बंदुकीला खोबरेल लावून फडक्यात गुंडाळून चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायचा. तुम्ही पहिल्या दिवशी दोनदाच भरा, पाच आणि पाच, त्यापेक्षा जास्त नको. मग रिव्हॉल्व्हर खोलून कढत पाण्यात भांड्यांच्या साबणाने घासा, निपल काढून त्यांच्या भोकातून पाणी जातंय ना बघा, कोरडं करा, तेलाचा हात फिरवा, आणि हे सगळं त्याच संध्याकाळी, स्वतःचे शिशाचे हात कोपरापर्यंत धुऊन जेवायला बसायच्या आधी.