तेराव्या वर्षी करार, सतराव्या वर्षी लग्न: फ्लॉरेन्सच्या मुलांच्या शोधात

आमच्याबरोबर सोळा वर्षांची थोरली आणि तेरा वर्षांचा धाकटा होता. त्यांना एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये, एका दालनातून दुसऱ्या दालनात नुसतं फिरवण्यात अर्थ नव्हता. म्हणून निघण्याआधीच चौघांनी मिळून ठरवलं की इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये एकाच गोष्टीचा माग काढायचा. प्रबोधनकाळ ऐन भरात असताना, म्हणजे पंधराव्या शतकात, या शहरातली यांच्या वयाची मुलंमुली काय खात होती, काय शिकत होती, कुठे राबत होती आणि कुठे खेळत होती? राजवाडे आणि पुतळे वाटेत येतील तेवढे बघायचे.

सुरुवात केली ती पोर्ता रोसा रस्त्यावरच्या पलाझ्झो दावानझातीपासून. चौदाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेलं हे एका व्यापारी कुटुंबाचं उंच, अरुंद घर आता संग्रहालय आहे. वरचे मजले ठरावीक वेळी तिथल्या माणसाबरोबरच बघता येतात, त्यामुळे वेळ आधी विचारून घ्या. मधोमध चौक, त्याच्या कडेने वर चढत जाणारा जिना, आणि भिंतीच्या आतून थेट वरपर्यंत गेलेला आड. प्रत्येक मजल्यावर एक झडप आहे. ती उघडायची, कप्पीवरचा दोर ओढायचा, बादली वर घ्यायची. त्या काळात घरात बसून प्रत्येक मजल्यावर पाणी मिळणं ही चैनच होती. स्वयंपाकघर मात्र सगळ्यात वर, म्हणजे धूर आणि वास घरात राहत नाही आणि आग लागलीच तर खालचे मजले वाचतात. थोरलीने चटकन विचारलं, "म्हणजे सामान कोण चढवायचं?" तिच्याच वयाच्या, खेड्यातून आलेल्या मोलकरणी. अशा मुलींची मजुरी वर्षानुवर्षं मालकाकडे साठवत आणि शेवटी लग्नाच्या वेळी हुंडा म्हणून देत. पोपटांच्या आणि मोरांच्या रंगवलेल्या खोल्या सुंदर आहेतच, पण त्या घरात मला वारंवार तो जिनाच दिसत राहिला.

याच घरात धाकट्याला त्याच्या वयाची पोरं सापडली. बाळंतिणीला खाऊ नेण्यासाठी तेव्हा रंगवलेली लाकडी तबकं वापरत. तसलं एक तबक इथे आहे, १४५०च्या सुमाराचं, मासाच्चो या प्रसिद्ध चित्रकाराचा भाऊ लो स्केज्जा याने रंगवलेलं. त्यावर भर रस्त्यात खेळ रंगलाय. समोरच्याच्या पायावर पाय रोवून त्याला जागचं हलू द्यायचं नाही आणि कमरेपासून वर वाकत, वळत थपडा मारायच्या आणि चुकवायच्या. धाकटा काचेला नाक लावून बघत होता. त्याच संध्याकाळी दोघा भावंडांनी हॉटेलच्या खोलीत तो खेळ खेळून पाहिला. थोरली जिंकली.

दावानझातीपासून सांता त्रिनिता चर्च दोन मिनिटांवर आहे. या भागात पूर्वी हिशेबाच्या शाळा होत्या. बाहेर तशी काही खूण दिसत नाही, पण आम्ही चौकात थांबून त्यांच्याबद्दल बोललो, कारण इथल्या किशोरांचं आयुष्य याच शाळांनी घडवलं. १३३८च्या सुमारास जोव्हान्नी व्हिल्लानी या बखरकाराने नोंदवलंय की शहरात आठ ते दहा हजार मुलंमुली वाचायला शिकत होती आणि हजार-बाराशे मुलगे सहा शाळांत हिशेब शिकत होते. साधारण दहा-अकराव्या वर्षी मुलगा तिथे जायचा, दोनेक वर्षांत व्यापाराचं गणित शिकायचा आणि मग थेट दुकानात किंवा पेढीवर. पुढे राजकीय विचारवंत म्हणून गाजलेल्या निकोलो मॅकियाव्हेलीच्या वडिलांची रोजनिशी उपलब्ध आहे. त्यात १४७६ साली सात वर्षांचा निकोलो लॅटिन शिकू लागल्याची नोंद आहे, आणि १४८०च्या जानेवारीत, वयाच्या दहाव्या वर्षी, त्याला हिशेब शिकायला घातल्याची.

इथे आमच्या घरातल्या गणितवेड्या बाबांचा चेहरा खुलला. या शाळांचं मूळ पिसाच्या लिओनार्दो फिबोनाचीच्या १२०२ सालच्या ग्रंथात, आणि तो ग्रंथ सुरूच होतो भारतीयांच्या नऊ अंकांपासून आणि शून्यापासून. फ्लॉरेन्सच्या पोरांना घोटून शिकवलं जाणारं मुख्य तंत्र म्हणजे तीन संख्या दिल्या असता चौथी काढायची. म्हणजे आपलं त्रैराशिक, जे आर्यभटापासून आपल्याकडे शिकवलं जातंय. त्यांच्या नाण्यांचा हिशेबही सोपा नव्हता: बारा देनारींचा एक सोल्दो, वीस सोल्दींचा एक लिरा. बाबांनी तिथल्या तिथे गणित घातलं: सात हात कापडाला नऊ लिरा, तर अकरा हातांना किती? देनारीपर्यंत उत्तर हवं आणि मोबाइल वापरायचा नाही. धाकटा चर्चच्या पायरीवर बसला आणि बऱ्याच खटाटोपानंतर त्याने ते काढलं: चौदा लिरा, दोन सोल्दी आणि दहा देनारींच्या किंचित वर. त्याच्या वयाचा फ्लॉरेन्सचा मुलगा हे दिवसभर, गिऱ्हाईक समोर उभं असताना करत होता. मला वाटतं त्या पायरीवर त्याला जे उमगलं, ते मी कितीही सांगून उमगलं नसतं.

जेवणाबद्दल फार सांगत नाही. टस्कनीचा पाव अळणी असतो, मुलांना तो पहिल्या घासाला आवडला नाही. त्या काळच्या ताटात टोमॅटो नव्हता, बटाटा नव्हता, मिरचीही नव्हती, कारण हे सगळं अमेरिकेतून नंतर आलं. त्याच शतकात महाराष्ट्रातल्या ताटातही यातलं काहीच नव्हतं, हे ऐकून मुलांना जास्त धक्का बसला. चेस्टनटच्या पिठाचा कास्तान्याच्चो मात्र जरूर खा. थोडा कोरडा लागतो, पण त्या काळच्या गरिबाच्या पोटाला हेच पीठ आधार होतं.

पियाझ्झा देल्ला सिन्योरिया या चौकात फरसबंदीत एक गोल शिळा बसवलेली आहे. २३ मे १४९८ रोजी साव्होनारोला या धर्मोपदेशकाला इथे फाशी देऊन जाळलं. बहुतेक लोक ती ओलांडून पुतळ्यांकडे जातात. आम्ही तिथे बराच वेळ उभे होतो, कारण त्याच्या चळवळीचं पायदळ म्हणजे शहरातली पोरं होती. कार्निव्हलच्या दिवसांत रस्ते अडवून पैसे उकळणं आणि दगडफेक हे इथल्या मुलांचं जुनं वेड. साव्होनारोलाने त्याच मुलांना शिस्तीत उभं केलं, पांढरे कपडे घालून मिरवणुका काढायला लावल्या आणि घरोघरी पाठवलं. आरसे, अत्तरं, केसांचे टोप, पत्ते, फासे, चित्रं असं सगळं 'पापाचं' सामान ती मागून आणायची. ७ फेब्रुवारी १४९७ रोजी या चौकात त्याची प्रचंड होळी झाली. थोरली म्हणाली, "त्यांना पहिल्यांदाच कोणीतरी महत्त्वाचं काम दिलं असेल." हे मला पटलं, आणि त्याची भीतीही वाटली. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती मोठ्या माणसांच्या दारावर थाप मारायचा अधिकार देणारा माणूस कुठल्याही काळात धोकादायकच.

आता सांता मारिया नोव्हेल्ला. वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, पण इथे या. मुख्य वेदीमागच्या तोर्नाबुओनी चॅपलच्या भिंती दोमेनिको गिर्लांदायो आणि त्याच्या कारखान्याने १४८५ ते १४९० या काळात रंगवल्या. काम चालू असताना, १ एप्रिल १४८८ला, एका बापाने आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला तीन वर्षांच्या करारावर या कारखान्यात ठेवलं. तीन वर्षांचे मिळून चोवीस फ्लोरिन, म्हणजे सोन्याची नाणी, मिळायचे होते. तो मुलगा मायकेलअँजेलो. शिकाऊ मुलाने रंग घोटायचे, ब्रश धुवायचे, गिलावा तयार करायचा, आणि मग उस्तादाच्या रेखाटनांवरून हात बसवायचा. मायकेलअँजेलो वर्षभरातच शहरावर वर्चस्व असलेल्या मेदिची घराण्याच्या बागेतल्या शिल्पांकडे गेला, आणि त्याच वयात कार्मिने चर्चमध्ये चित्रं उतरवताना पिएत्रो तोरिज्यानो या सोबत्याशी भांडण होऊन त्याने नाक मोडून घेतलं. त्याने सोळा-सतराच्या आसपास कोरलेल्या दोन संगमरवरी शिल्पपट्ट्या कासा बुओनारोती या संग्रहालयात आहेत. त्या आम्ही नंतर पाहिल्या. पण माझं मन या चॅपलमध्येच जास्त रमलं.

उजव्या भिंतीवर खालच्या ओळीत येशूची आई मेरी आणि तिची नातलग एलिझाबेथ यांच्या भेटीचं चित्र आहे. त्यात मागे काही तरुण कठड्यावर रेलून, आपल्याकडे पाठ करून खाली शहराकडे बघताहेत. पुढे घडणाऱ्या पवित्र प्रसंगाशी त्यांना काही देणंघेणं नाही. आणि उजवीकडे, सोनेरी जरीच्या कपड्यात, एका बाजूचा चेहरा दिसेल अशी ताठ उभी आहे ती जोव्हान्ना देल्यी आल्बित्सी. १४८६ साली, सतराव्या-अठराव्या वर्षी, तिचं लोरेन्झो तोर्नाबुओनीशी थाटात लग्न झालं. १४८८मध्ये दुसऱ्या बाळाच्या वेळी ती गेली. चित्र पुरं झालं तेव्हा ती हयात नव्हती. थोरली तिच्यासमोरून हलेना. "हिला कोणी विचारलं असेल का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगायला जड गेलं. शहराने १४२५ साली हुंड्यासाठी सरकारी ठेव योजनाच काढली होती. बाप मुलगी लहान असतानाच पैसे गुंतवायचा, आणि साडेसात किंवा पंधरा वर्षांनी, लग्न झालं की, वाढलेली रक्कम जावयाच्या हाती पडायची. १४३३च्या दराने शंभर फ्लोरिनचे पंधरा वर्षांत पाचशे. ठेवीची मुदत संपायची वेळ आणि मुलीच्या लग्नाचं वय एकच. नवरा बहुधा तिशीच्या आसपासचा. ज्यांच्यासाठी एवढी ठेव जमत नसे, त्यातल्या कित्येकींची रवानगी मठात, कारण मठात द्यायचा हुंडा पुष्कळ कमी.

म्हणूनच याच आवारातल्या संग्रहालयात आम्ही मुद्दाम गेलो. तिथे प्लाउतिल्ला नेल्ली हिचं 'शेवटचं भोजन' लावलंय, जवळजवळ सात मीटर लांब. तिचा जन्म १५२४चा. चौदाव्या वर्षी ती सान मार्को चौकातल्या सांता कातेरिना मठात दाखल झाली. हा मठ साव्होनारोलाच्याच शिकवणुकीतून उभा राहिलेला. चित्रकलेचं शिक्षण देणारं तिथे कोणी नव्हतं. ती स्वतःच शिकली, दुसऱ्या जोगिणींना हाताशी धरलं आणि १५६८च्या सुमारास हे अवाढव्य चित्र काढलं. ख्रिस्ताच्या टेबलावर भाजलेलं कोकरू आहे, पाव आहे, हिरव्या पाल्याचे गड्डे आहेत. पुरुषांच्या हातांवरच्या शिरा एकेक करून उठून दिसतात. डाव्या कोपऱ्यात तिने स्वतःचं नाव घातलंय आणि या चित्रकर्त्या बाईसाठी प्रार्थना करा अशी विनंती लिहिलीय. शतकानुशतकं दुर्लक्षित राहिलेलं हे चित्र दीर्घ दुरुस्तीनंतर २०१९पासून सगळ्यांना बघता येतंय.

चर्च आणि संग्रहालयाचं तिकीट एकच आहे. चॅपल बघून लोक थकतात आणि बाहेर पडतात. मुली बरोबर असतील तर तसं अजिबात करू नका. आधी नेल्लीकडे जा, मग जोव्हान्नाकडे.