पोस्टर सोबत, मजकूर आधी

वाचनालयाचा डिजिटल संपर्क म्हणजे बहुतेक ठिकाणी एक रंगीत पोस्टर आणि ते व्हॉट्सॲपवर टाकणं. पण चित्रातला मजकूर स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) सहसा नीट वाचता येत नाही. अंध वाचकाला कित्येकदा फक्त ‘फोटो’ एवढंच ऐकू येतं. म्हणून आधी साधा मजकूर पाठवावा: काय, कधी, कुठे, फुकट की शुल्क, चाकाची खुर्ची आत जाते का, चौकशीचा नंबर. खुर्चीचा मुद्दा हमखास राहून जातो.

मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या समान पद्धतीत. छपाईसाठीच्या जुन्या डीटीपी फॉन्टमधलं मराठी दिसायला मराठी, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर ती बडबडतो आणि शोधात काही सापडत नाही. स्कॅन केलेली पीडीएफ तर नुसतं चित्रच. ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणं) करून जोडाक्षरं कोणीतरी डोळ्यांखालून घालायलाच हवीत.

साधा फोन असलेल्यांसाठी एसएमएस. रोमनमध्ये एका संदेशात 160 अक्षरं बसतात, देवनागरीत 70. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त वेगळे मोजले जातात, त्यामुळे ‘ग्रंथालय’ या एका शब्दाला 8 जागा लागतात. सत्तरच्या पुढे गेलात की संदेश 67-67 च्या तुकड्यांत जातो आणि पैसे दोन संदेशांचे पडतात. नमस्कार-चमत्कार गाळा.

व्हॉट्सॲपवर ग्रुप की ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच संदेश प्रत्येकाला स्वतंत्रपणे पाठवणारी यादी? माझं मत ठामपणे ब्रॉडकास्टच्या बाजूने. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि नको ते मेसेज सुरू झाले की आधी बायका बाहेर पडतात. फक्त ब्रॉडकास्टची एक मेख आहे: ज्याने वाचनालयाचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्याच्यापर्यंत संदेश पोचतच नाही. तेव्हा सभासद नोंदणीच्या टेबलावरच त्यांच्या फोनमध्ये नंबर सेव्ह करून द्यावा. एका यादीत 256 जण बसतात.

अनेक घरांत फोन एकच असतो. परतीची आठवण पाठवताना पुस्तकाचं नाव लिहू नये. आजार, घटस्फोट, कर्ज यांवरचं पुस्तक कोणी नेलं हे घरभर कळायचं कारण नाही. ‘एक पुस्तक, परतीची तारीख अमुक’ पुरे.

नोंदणी अर्जात एक रकाना वाढवा: निरोप कसा हवा? फोन, एसएमएस, व्हॉट्सॲप की ध्वनिसंदेश. फोन निवडणारे थोडे असतील, पण त्या यादीसाठी आठवड्यातला एक तास आणि एक माणूस ठरवूनच ठेवा, नाहीतर तो रकाना कागदावरच राहतो.