एप केव्ह: लाव्हाच्या बोगद्यात सहकुटुंब

बाहेर कडक ऊन होतं, पण जिना उतरताच सासूबाईंनी शाल डोक्यावरून घेतली. वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट सेंट हेलेन्सच्या दक्षिण उतारावरच्या या गुहेत बाराही महिने साडेपाच अंशांच्या आसपास तापमान असतं. त्यामुळे ऑगस्टमध्ये गेलात तरी जाकीट न्याच.

खाली उतरल्यावर दोन वाटा फुटतात. वरची अडीचेक किलोमीटरची, कोसळलेल्या दगडांच्या ढिगांची, शिवाय मध्येच अडीच मीटरचा लाव्हाचा खडा कडा. नवरा आणि मोठा मुलगा तिकडे गेले, शिडीने बाहेर पडून रानातून परतले. दोघांची ढोपरं खरचटली होती. हातमोजे असते तर बरं झालं असतं, असं दोघंही म्हणाले. आजी आणि लहान मुलं बरोबर असतील तर सरळ खालची वाट धरा. जेमतेम सव्वा किलोमीटर, बराचसा भाग वाळूचा, आलो त्याच वाटेने परत. आम्हाला रमतगमत दीड तास लागला.

सुमारे २,००० वर्षांपूर्वी इथून पातळ लाव्हा वाहत होता. वरून तो थिजून कडक झाला, आतला मात्र वाहतच राहिला आणि ओसरल्यावर ही नळी उरली. भिंतींवर त्याच्या पातळीच्या आडव्या रेघा आहेत, पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर राहतात तशा. एके ठिकाणी छताजवळ दोन भिंतींच्या मध्ये भलामोठा दगड अडकलाय. लेक त्याच्याखालून माझा हात घट्ट धरून गेली.

पुढे एका मोठ्या दगडाशी थांबून आम्ही सगळे दिवे बंद केले. स्वतःचा हातही दिसेना. लेक हळूच म्हणाली, "आजी, तुझे डोळे उघडे आहेत ना?" एवढं मात्र तुम्हीही नक्की करा.

दिवे माणशी दोन हवेत. मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका. माझा डोक्यावरचा दिवा अर्ध्या वाटेत विझला, तेव्हा खिशातल्या टॉर्चने निभावलं. भिंतींवरच्या ओलसर थराला बोट लावू नका, तो जिवंत असतो आणि गुहेतले बारीक जीव त्यावर जगतात. दुसऱ्या गुहेत वापरलेले बूट-कपडे इथे घालू नका, वटवाघळांना त्यातून जीवघेणी बुरशी लागते. खाऊ आणि कुत्रं बाहेरच.

उन्हाळ्यात गाडीसाठी वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवावी लागते. तिथे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून पावती घरूनच छापून न्या.