आमची टूलरूम स्वतंत्र झाली तेव्हा

चौदा जणांची आमची टूलरूम. साचे बनवायचे, झिजलेले दुरुस्त करायचे आणि मोल्डिंगकडे, म्हणजे त्या साच्यांतून माल काढणाऱ्या विभागाकडे, धाडायचे. कंपनीच्या हिशेबात आम्ही कायम ओव्हरहेड, म्हणजे वरखर्च. मग व्यवस्थापनाने मोठे विभाग मोडून छोटी युनिट केली आणि सांगितलं, यापुढे तुमचा हिशेब तुम्ही ठेवायचा, मोल्डिंग तुमचं गिऱ्हाईक.

पद्धत जपानच्या क्योसेराची. काझुओ इनामोरींनी १९५९ मध्ये ती कंपनी काढली आणि पसारा वाढल्यावर तिचे छोटे गट पाडले. त्यांना 'अमीबा' म्हणतात. विक्रीतून पगार सोडून बाकीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या रकमेला कामाच्या एकूण तासांनी भागायचं; येईल तो त्या गटाचा आकडा. पगार खर्चात धरत नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. तो खर्चात धरला की पहिली कात्री माणसांवरच चालते.

खरी कसोटी लागली ती आतल्या, म्हणजे एका युनिटने दुसऱ्याला लावायच्या, दरांवरून. पहिल्याच बैठकीत मोल्डिंगच्या मॅडमनी बाहेरच्या वर्कशॉपचं कोटेशन समोर ठेवलं. आमच्यापेक्षा कमी. मनाला लागलं. पण जॉबकार्डं, म्हणजे प्रत्येक कामाच्या तासांच्या नोंदी, काढून बसलो, तर एका दुरुस्तीच्या अठरा तासांतले सात ड्रॉइंगच्या मंजुरीची वाट बघण्यात गेलेले. ओव्हरहेडमध्ये होतो तोवर ते सात तास कुणाच्याच खात्यावर पडत नव्हते.

चूक माझ्याकडूनही झाली. महिनाअखेरीला मोठा साचा हातात होता आणि मोल्डिंगची एक इजेक्टर पिन (साच्यातून तयार भाग बाहेर ढकलणारी) मोडली. आमचा आकडा बिघडू नये म्हणून मी 'उद्या बघतो' म्हणालो. त्यांचं मशीन अख्खी शिफ्ट बंद राहिलं. आमच्या फळ्यावर त्या महिन्याचा सर्वांत चांगला आकडा लागला आणि कंपनीचा माल मात्र वेळेत गेला नाही. त्या फळ्याकडे मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी मॅडम आणि मी एका पानाचा करार लिहिला. मशीन बंद असेल तर काम आधी, हिशेब नंतर. तातडीच्या कामाचा दर आगाऊ ठरलेला. ठरलेल्या शॉटच्या, म्हणजे साचा भरून माल काढण्याच्या खेपांच्या, आत साचा पुन्हा बिघडला तर दुरुस्ती आमच्या खर्चाने. घरगुती उपकरणं बनवणाऱ्या चीनच्या हायर कंपनीत तिचे प्रमुख झांग रुइमिन यांनी २००५ मध्ये मांडलेल्या रचनेतही छोटी युनिट एकमेकांशी करार करूनच काम करतात, हे मला नंतर कळलं.

ड्रॉइंगची मंजुरी अजून अडते, त्या युनिटशी बोलणी चालू आहेत. इजेक्टर पिनांचा एक संच मात्र आता मोल्डिंगच्याच कपाटात असतो. खर्च अर्धा त्यांचा, अर्धा आमचा.