लीलावतीची गोष्ट मी का सांगत नाही

शाळा सोडून गेलेली पोरं भेटली की हमखास विचारतात, "मॅडम, लीलावतीची गोष्ट आता सांगत नाही म्हणे तुम्ही?" धाकट्या भावंडांकडून कळतं त्यांना. पालक विचारतात तेव्हा त्यात तक्रारही असते. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. वेळ मोजायच्या घटिकापात्राच्या भोकात अडकलेला मोती, टळलेला मुहूर्त, मोडलेलं लग्न, आणि त्या लेकीला गणित शिकवून तिच्याच नावानं गणिताचा ग्रंथ लिहिणारे भास्कराचार्य. सोळा वर्षं सांगितली मी ती. घंगाळात पाणी घ्यायचं, बुडाला भोक पाडलेली वाटी सोडायची. वाटी बुडेपर्यंत लेकरं हूं की चूं करायची नाहीत.

त्या वर्षी वाटी बुडाली आणि मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. आठवीतली, आईबाप बीडकडून दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. म्हणाली, "मॅडम, तिचं लगीन झालं असतं तर तिला गणित शिकवलंच नसतं का?" पोरं हसली. मला प्रश्न आवडला, पण तास संपत आला होता. म्हटलं, "दिवाळीनंतर शोधून सांगते. बस आता." ती बसली नाही. पुढं आली, घंगाळातून वाटी काढली, ओढणीनं पुसून टेबलावर ठेवली आणि मग जाग्यावर गेली.

सुट्टीत मी खरंच शोधलं. 'लीलावती' 1150 ची. मोत्याची गोष्ट येते 1587 मध्ये, अकबराच्या दरबारातल्या फैजीच्या फारसी भाषांतरात. मधे 437 वर्षं! कन्नडचा घाट उतरून गेलं की पाटण. तिथल्या 1207 च्या शिलालेखात भास्कराचार्यांचं घराणं नावानिशी आहे. वडील महेश्वर, मुलगा लक्ष्मीधर, देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी असलेला नातू चांगदेव. लेकीचं नाव नाही. ग्रंथात 'बाले लीलावति' अशी हाक आहे, तशी 'सखे' अशीही आहे, म्हणजे 'मित्रा'. लेक होती की नव्हती, दोन्ही म्हणता येतं.

एवढं घेऊन उत्साहानं वर्गात गेले, तर तिची जागा रिकामी. लग्न लावून दिलं होतं. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ रक्कम त्यावर मिळते. ती उसाच्या फडावर गेली होती. तिनं भास्कराचार्यांबद्दल विचारलंच नव्हतं.

तिच्या घरी गेले असते तरी काही झालं नसतं, असं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. आता ते पटत नाही. जायला तर हवं होतं.

लोक म्हणतात, गोष्टीनं गोडी लागते. लागते. ती सोडल्यापासून तो तास कोरडा झालाय, हेही खरं. पण लग्न मोडलं म्हणून मुलीच्या वाट्याला गणित आलं, हे मी सोळा वर्षं भरल्या वर्गात, त्याच मुलींपुढं सांगत होते. आणि तरी, गोष्ट नसती तर ती त्या दिवशी उठलीच नसती. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

हल्ली त्याच ग्रंथातलं गणित फळ्यावर लिहिते : 135 गुणिले 12. भास्कराचार्य बाराचे आठ नि चार करतात, तीन नि चार हे अवयव पाडतात, विसानं गुणून आठपट वजाही करतात. पोरी आणखी वाटा काढतात. परवा एकीनं विचारलं, "लीलावती कोण?"

"जिला हे गणित घातलं ती."

"तिला आलं का?"

म्हटलं, ते लिहिलेलं नाही.