कॉन्टेसा : पुढचे ब्रेक अखेर सुटले

माझ्या कॉन्टेसा गाडीचे जाम होणारे पुढचे ब्रेक सुटले एकदाचे! रविवारी कोल्हापूरहून पन्हाळ्याला जाऊन आलो. वाटेत तीनदा थांबून पुढच्या दोन्ही डिस्कजवळ हात नेऊन पाहिला. दोन्हीकडे सारखीच ऊब, चटका नाही. याच रस्त्यावर गेले पाच आठवडे वाघबीळ यायच्या आत पॅड जळल्याचा वास सुटायचा.

मागच्या वेळी बूस्टरचा (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा) फाटका डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, बदलून आणि नवा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) बसवून थांबलो होतो. पेडल लोण्यासारखं झालं होतं. मग हा ताप सुरू झाला. पहिले सात-आठ किलोमीटर गाडी झकास, नंतर पेडल कडक होत वर यायचं, गाडी ओढेनाशी व्हायची आणि शेवटी पुढची चाकं जाम. अर्धा तास उभी केली की पुन्हा मोकळी.

ऑइल चाकांकडे नेणारे रबरी होज आतून सुजले असतील म्हणून दोन्ही बदलले. कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिस्टन काढून नवे सील घातले. (रबर धुवायचं ते ब्रेक ऑइलनेच. पेट्रोलने ते फुगतं, तरी अजून सर्रास पेट्रोलच वापरतात, याची खरंच चीड येते.) फरक शून्य.

शेवटी चाकं जाम असतानाच रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडलं आणि मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरचे दोन्ही नट तीन-तीन आटे सैल केले. चाकं सुटली! चाकापाशी ऑइल सोडायच्या ब्लीडर स्क्रूला हातही लावला नव्हता. म्हणजे दोष चाकापाशी नव्हताच. बूस्टरमधून मास्टरला ढकलणारा रॉड मास्टरच्या पिस्टनला पूर्ण मागे येऊ देत नव्हता. पिस्टन मागे आला नाही की टाकीकडचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, तापून फुगलेल्या ऑइलला परतीची वाट उरत नाही आणि ते पॅडच दाबत बसतं.

घरी जुना आणि नवा मास्टर शेजारी ठेवून रॉडचं टोक जिथे टेकतं त्या पिस्टनच्या खळग्याची खोली व्हर्नियरने मोजली. नव्याची दीड मिलिमीटर कमी! पुण्याला नाना पेठेत घेताना ‘डिट्टो ओरिजिनल’ म्हणून दिला होता. यापुढे जुना नग हातात घेऊन, दुकानातच मोजल्याशिवाय मी मास्टर घेणार नाही.

मास्टर आणि बूस्टरच्या मधे जाड वॉशर घालावा असा सल्ला मिळाला होता. नको. तिथे व्हॅक्यूमचं सील आहे, ते नीट बसणार नाही. माझ्या रॉडला ॲडजस्टिंग स्क्रूही नाही. मग रॉडच आखूड करून घ्यायला शिवाजी उद्यमनगर (कोल्हापुरातला वर्कशॉपांचा भाग) गाठलं. टोक हार्ड केलेलं, त्यामुळे लेथवर न घेता ग्राइंडिंग करून दोन मिलिमीटर उतरवलं आणि गोलाई परत घासून घेतली.

रॉड बसवला, टोकाला प्लॅस्टिसिनची गोळी लावली, मास्टर आवळून पुन्हा काढला. गोळी दबून अर्धा मिलिमीटर जाडीची उरायला हवी होती, म्हणजे रॉड आणि पिस्टनमध्ये तेवढी फट. ती अख्खीच्या अख्खी तशीच! रॉड एवढा आत कसा गेला? तासभर डोकं धरून बसलो. मग बाकाखाली रबराची काळी चकती दिसली. रिॲक्शन डिस्क! बूस्टरमध्ये रॉडच्या मागे बसते ती. रॉड ओढताना त्याला चिकटून बाहेर आली आणि पडली. ती तशीच राहिली असती तर नुसता पाय टेकवला की ब्रेक कचकन लागले असते. रॉड काढलात की आधी ती चकती जागेवर आहे ना ते पाहा, हात जोडून सांगतो. ती सिलिकॉन ग्रीस लावून जागेवर बसवली, पुन्हा गोळी दाबली. बरोबर अर्धा मिलिमीटर. त्या गोळीचा फोटो जपून ठेवला आहे.

आता मागचे ड्रम उघडायचे ठरलं होतं. पण पन्हाळ्याहून उतरताना लागोपाठ दुसऱ्यांदा दाबल्यावर पेडल जरा जड लागलं. व्हॅक्यूमची जादा टाकी बसवावी असं मनात होतं. हे लिहिता लिहिता खाली जाऊन पाहिलं: इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पेडल दाबलं, तर पहिल्याच दाबाला दगड. म्हणजे इंजिन बंद झाल्यावर बूस्टरमधलं व्हॅक्यूम अडवून ठेवणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व किंवा त्याचं ग्रोमेट (भोवतीचं रबर) बहुधा व्हॅक्यूम धरत नाही. टाकी राहू दे, ड्रमही राहू देत. शनिवारी आधी तो व्हॉल्व.