तुम्ही विचारलंत म्हणून: क्रोमोसोम चांगले होते, मग ल्युकेमिया परत कसा आला?

मी क्रोमोसोमच्या लॅबमध्ये काम करते, म्हणजे ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झालेल्या पोरांच्या बोनमॅरोतल्या पेशी वाढवायच्या, काचपट्टीवर घेऊन रंगवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली एकेक क्रोमोसोम बघायचा. रिपोर्ट न्यायला आलेले आईबाबा, ओळखीतले, नात्यातले, फिरून फिरून एकच विचारतात की पहिल्यांदा तर क्रोमोसोम चांगले आहेत म्हणाले होते, मग सगळी ट्रीटमेंट करूनही परत कसं आलं, आणि आता रिपोर्ट बदललाय म्हणजे हा नवीनच कॅन्सर आहे का?

बहुतेक वेळा नाही, जुन्याच झाडाची दुसरी फांदी असते. लहान मुलांमध्ये जास्त दिसतो तो ल्युकेमियाचा प्रकार एएलएल, त्यातल्या ६१ मुलांचे सुरुवातीचे आणि रिलॅप्सचे (आजार परत आल्यावरचे) नमुने शेजारी ठेवून केलेला अभ्यास २००८ मध्ये आला. अगदीच वेगळा ल्युकेमिया निघाला अशी मुलं थोडीच होती, आणि बऱ्याच जणांत तर परत आलेली पेशी पहिल्या दिवशीसुद्धा होती, फक्त इतकी कमी की नेहमीच्या तपासणीत दिसली नसती. केमोने मोठा कळप मारला, ही उरली.

आता 'चांगले क्रोमोसोम' म्हणजे काय ते सांगते. क्रोमोसोम म्हणजे पेशीतल्या जीन्सच्या गुंडाळ्या, आपल्या पेशीत त्या ४६ असतात. काही मुलांच्या ल्युकेमियाच्या पेशीत ५० च्या वर निघतात, आणि ऐकायला भयंकर वाटलं तरी हा प्रकार औषधाला चांगली दाद देतो, कारण मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध पेशीच्या आत घेणारं एक जीन २१ नंबरवर आहे आणि २१ च्या कॉपी जास्त असल्या की औषधही जास्त आत जातं. १२ आणि २१ चे तुकडे अदलाबदल झालेला प्रकारही चांगल्यातलाच, तो साध्या कॅरियोटाइपमध्ये (मायक्रोस्कोपखाली सगळे क्रोमोसोम बघण्याच्या तपासणीत) दिसत नाही, फिश करावं लागतं, म्हणजे चमकणारा रंग लावून ठरावीक तुकडा शोधायची टेस्ट. पण चांगलं म्हणजे परत येण्याची शक्यता कमी, शून्य नाही. हे पहिल्याच दिवशी नीट सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण ती आशा धरून बसलेल्या आईला नंतर दुप्पट लागतं.

रिलॅप्समध्ये आम्हाला काय दिसतं, तर जुनी खूण बहुतेकदा तशीच असते आणि वर नवीन भर पडलेली असते. ९ नंबरच्या क्रोमोसोमच्या आखूड भुजेचा (लहान बाजूचा) तुकडा गेलेला, कधी १७ च्या आखूड भुजेचा, जिथे पेशीला बिघडण्यापासून रोखणारं टीपी५३ जीन असतं, आणि हा दुसरा बदल डॉक्टरांना काळजीत टाकतो. काही बदल मायक्रोस्कोपला दिसतच नाहीत, जसं एनटी५सी२ जीनमधला, २०१३ मध्ये कळलेला, ज्यामुळे पेशी ६-एमपी ही केमोची गोळीच निकामी करते. म्हणून रिलॅप्सच्या वेळी बोनमॅरो पुन्हा क्रोमोसोमसाठी पाठवायलाच हवी, जुन्या रिपोर्टवर भागवू नका. आणि 'नॉर्मल' आलं तरी लगेच हुरळून जाऊ नका, कारण आम्हाला विभागणारीच पेशी वाचता येते, कधीकधी ल्युकेमियाच्या पेशी लॅबमध्ये वाढतच नाहीत आणि निरोगीच वाढतात, मग रिपोर्टवर ४६ येतात आणि आजार मात्र असतो.

दुसरा प्रश्न हळू आवाजात येतो, आमच्यातून गेलं का हो? हे बदल ल्युकेमियाच्या पेशीतच असतात, बाळाच्या सगळ्या अंगात नाही, आणि बहुसंख्य मुलांत आईबाबांकडून आलेले नसतात. १२-२१ चा बदल तर काही मुलांच्या जन्मावेळच्या रक्ताच्या थेंबातही सापडलाय, म्हणजे सुरुवात पोटात असतानाच झालेली, त्यात आईने काय खाल्लं काय नाही याचा हिशोब मांडू नका. (काही घरांत कॅन्सरचा धोका खरोखर पिढ्यांतून येतो, तशी शंका असली तर डॉक्टर वेगळी टेस्ट सांगतात.)

आणि क्रोमोसोम वाईट निघाले म्हणजे उपाय संपले असंही नाही. ९ आणि २२ चे तुकडे अदलाबदल होऊन झालेला फिलाडेल्फिया क्रोमोसोम निघाला तर इमॅटिनिबसारख्या गोळ्या आहेत, आणि एएलएलच्या बी-सेल प्रकारात ब्लिनाट्युमोमॅब हे औषध आणि कार-टी (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून परत देण्याची ट्रीटमेंट) हे दोन्ही ल्युकेमियाच्या पेशीवरच्या सीडी१९ या खुणेवर काम करतात, क्रोमोसोम कुठलेही असोत. परवडण्याचा प्रश्न मोठा आहे, तो मी नाकारत नाही.

तेवढा पहिला कॅरियोटाइप आणि फिशचा कागद फाइलमध्ये जपून ठेवा आणि रिलॅप्सच्या सॅम्पलसोबत त्याची झेरॉक्स लॅबला द्या. कुठली खूण शोधायची ते आम्हाला त्यावरूनच कळतं.